कुत्र्याची निवड : घर, तबेला आणि पाडा यांच्या गरजेप्रमाणे

प्रास्ताविक

म्हैस विकत घेताना आपला शेतकरी तिचे दात पाहतो, कास पाहतो, चाल पाहतो, वेतांची चौकशी करतो, आणि घरी वैरण पुरेल की नाही याचा हिशेब मांडल्यावाचून बयाणा देत नाही. कुत्रा आणताना मात्र हाच शहाणा माणूस काहीच विचारीत नाही. पिल्लू गोजिरवाणे दिसले, शेजाऱ्याने आणले, मुलांनी हट्ट धरला, एवढी कारणे त्यास पुरेशी वाटतात. या घाईचा परिणाम पुढे दिसतो. आटलेली म्हैस विकता येते. नकोसा झालेला कुत्रा बहुधा विकला जात नाही, तो सोडून दिला जातो. कधी तो रस्त्यावर सोडला जातो, तर कधी मुंबईतील भावाने मे महिन्याच्या सुटीत गावी आणून वडिलांच्या दारी बांधलेला असतो. त्या कुत्र्यास लस टोचली होती की नाही हे गावात कोणासच ठाऊक नसते.

म्हणून कुत्र्याच्या निवडीचा विषय हौशी लोकांपुरता मर्यादित नाही. तो पशुधनाच्या व सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत पाठात मुंबई उपनगर जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे. इमारतीतील सदनिका, म्हशींचे तबेले, आदिवासी पाडे, कोळीवाडे व रोपवाटिका या सर्व प्रकारच्या राहणी या एकाच जिल्ह्यात जवळजवळ नांदतात. त्यामुळे कोणत्या राहणीस कोणता कुत्रा मानवतो हे येथे स्पष्टपणे समजून घेता येते. इतर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपल्या परिस्थितीप्रमाणे यातून बोध घ्यावा.

१. जिल्ह्याची परिस्थिती

मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० मध्ये स्वतंत्र झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके होत; घाटकोपर व मुलुंड ही ठिकाणे कुर्ला तालुक्यात येतात. गोरेगाव येथे १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि शहरातील तबेल्यांतल्या म्हशी तेथे हलविण्यात आल्या. वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात आजही तबेले आहेत व वारली समाजाचे पाडे आहेत. तिला लागूनच सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. बोरिवली, गोरेगाव व मुलुंड या तिन्ही बाजूंनी वस्ती त्याच्या सीमेला भिडली आहे. या उद्यानात बिबट्यांचे वास्तव्य आहे.

हवामानाचा विचार केल्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे दमटपणा आणि दुसरी म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ या एका दिवसात सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. अशा हवेत माणसासच नव्हे तर जनावरासही आपली राहणी बेतून घ्यावी लागते.

२. जात म्हणजे काय ?

कुत्र्याची प्रत्येक जात मनुष्याने कोणत्या तरी कामासाठी निवड करीत करीत घडविली आहे. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखण्यासाठी घडविला गेला. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली पाण्यात काम करीत. बीगल सशाच्या वासाचा माग काढण्यासाठी, डाशुंड बिळात शिरून शिकार करण्यासाठी, तर सायबेरियन हस्की बर्फावरून गाडी ओढण्यासाठी वाढविला गेला. डॉबरमन ही जात एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील एका करवसुली करणाऱ्या इसमाने स्वसंरक्षणासाठी तयार केली व त्याचेच नाव तिला मिळाले.

काम सुटले तरी कामाची ओढ रक्तात राहते, हे तत्त्व या पाठाचा पाया होय. बीगल सदनिकेत आणला तरी वासाच्या मागे धावतो व मोठ्याने भुंकतो. मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा मेंढ्या मिळाल्या नाहीत तर पळणाऱ्या मुलांना व सायकलींना वळवू पाहतो. अशा वर्तनास आपण खोड म्हणतो, पण वस्तुतः तो त्या जातीचा गुणच असतो. केवळ त्यास योग्य जागा मिळालेली नसते. यास्तव कुत्र्याचे रूप पाहण्यापूर्वी त्याचे मूळ काम कोणते होते हे विचारावे.

३. कुत्रा आणण्यापूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

(१) वेळ किती आहे ? कुत्र्यास सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरविणे व खाणे, पाणी, विंचरणे, स्वच्छता यांसाठी आणखी अर्धा तास देणे हे किमान होय. म्हणजे दररोज दीड तास झाला. कुत्रा साधारणतः दहा ते तेरा वर्षे जगतो. बारा वर्षे धरली तर ४,३८० दिवस व ६,५७० तास होतात. मुलुंडहून सकाळी आठची गाडी पकडून रात्री आठला परतणारे पती-पत्नी आणि शाळेत जाणारे एक मूल, अशा घरात दिवसाचे बारा तास कुत्रा एकटा राहील. अशा कुटुंबाने कोणती जात घ्यावी हा प्रश्न नसून, कुत्रा मुळीच घ्यावा काय, हा प्रश्न आहे. घरात आजी-आजोबा असतील व त्यांची तयारी असेल तर गोष्ट निराळी. तथापि त्यांच्या हाताने पट्टा खेचला जाऊ नये एवढेच वजन कुत्र्याचे असावे.

(२) हवा मानवेल काय ? कुत्र्यास माणसाप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन त्याचे शरीर थंड राहते. हवा अगोदरच दमट असेल तर हे बाष्पीभवन मंदावते. म्हणून दाट दुहेरी केसांचा हस्की किंवा सेंट बर्नार्ड मुंबईत मे महिन्यात अत्यंत कष्टी होतो. पग व त्यासारख्या चपट्या नाकाच्या जातींची श्वासनलिकाच अडचणीची असल्याने त्यांना धापही नीट टाकता येत नाही. बंद खोलीत दिवसभर यंत्राने हवा थंड ठेवूनच जो प्राणी जगवावा लागतो, तो आपल्या हवेतला नव्हे, हे उघड आहे.

(३) काम कोणते अपेक्षित आहे ? सोबत, राखण, की केवळ हौस ? राखणीसाठी चावणारा कुत्रा लागतो असा गैरसमज आहे. राखणदाराचे काम अनोळखी माणूस आला असे वेळेवर कळविण्याचे आहे. ते काम साधा गावठी कुत्रा उत्तम करतो. चावा घेणारा कुत्रा दूधवाला, टपालवाला व शेजारचे मूल यांत भेद करीत नाही, आणि त्याची जबाबदारी मालकावर येते.

(४) खर्च झेपेल काय ? खाद्याची गरज वजनाबरोबर वाढते. पंधरा किलो वजनाच्या कुत्र्यापेक्षा तीस किलो वजनाच्या कुत्र्यास दीडपटीहून अधिक खाद्य लागते. त्याशिवाय वार्षिक लस, जंतनाशक, गोचिडांवरील औषध व पशुवैद्यकाचे शुल्क हा खर्च कोणत्याही जातीस टळत नाही. पिल्लाची किंमत एकदाच द्यावी लागते, पोसण्याचा खर्च बारा वर्षे करावा लागतो.

(५) घरातील सर्वांची संमती आहे काय ? बहुतेक घरांत कुत्रा मुले मागतात व त्याचे करावे लागते ते आईला. तिची खुशी नसेल तर कुत्रा आणू नये. शेजाऱ्यांचाही विचार करावा.

४. कोणत्या राहणीस कोणता कुत्रा ?

(अ) इमारतीतील सदनिका : अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील बहुसंख्य कुटुंबे सदनिकेत किंवा चाळीत राहतात. त्यांनी लहान वा मध्यम आकाराचा, आखूड केसांचा, शांत स्वभावाचा कुत्रा निवडावा. पूर्ण वाढलेला व स्वभाव कळलेला गावठी कुत्रा दत्तक घेणे हा त्यांच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग होय. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा होईल याचा केवळ तर्क करता येतो. दोन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव चार वेळा भेटून पाहता येतो. भारतीय स्पिट्झ, ज्यास लोक पॉमेरेनियन म्हणतात, तो आकाराने सोयीचा आहे. पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात व तो वारंवार भुंकतो. लॅब्रेडॉर स्वभावाने प्रेमळ आहे, मुलांत रमतो. परंतु त्यास भरपूर व्यायाम लागतो. तो मिळाला नाही व वरून पोळी-बिस्किटांचे लाड झाले, तर तो लवकरच लठ्ठ होतो व त्याचे सांधे दुखू लागतात. डाशुंडाची पाठ लांब असल्याने जिन्यावरून चढउतार त्यास अपायकारक ठरते. उद्वाहन नसलेल्या इमारतीत तो घेऊ नये.

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेस सभासदाच्या पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. परंतु हक्काबरोबर कर्तव्यही येते. कुत्रा जिन्यावर व अंगणात पट्ट्यातच असावा, आणि त्याची विष्ठा मालकाने स्वतः उचलावी.

(आ) तबेला : तबेल्यात रात्री कोण येतो-जातो हे कळणे, पेंडीच्या पोत्यांची राखण होणे आणि बाहेरच्या कुत्र्यांना नव्याने जन्मलेल्या पारड्यांपासून दूर ठेवणे ही कामे असतात. यासाठी नसबंदी केलेले, लस टोचलेले, त्याच परिसरात वाढलेले गावठी कुत्रे सर्वांत योग्य. ते म्हशींना बुजवीत नाही, पावसास सरावलेले असते व ओळखीची माणसे पक्की ओळखते. महागडा विदेशी कुत्रा तबेल्याच्या ओलीत व गोचिडांत टिकत नाही.

तबेलेवाल्यांनी मात्र तीन पथ्ये कसोशीने पाळावीत. एक, म्हैस व्याल्यावर पडलेला जार, गर्भपातातील मृत गर्भ किंवा मेलेले पारडू कुत्र्यास खाऊ देऊ नये. ते खोल खड्ड्यात पुरावे अथवा नियमाप्रमाणे विल्हेवाटीस द्यावे. दोन, कुत्र्यास वैरणीच्या गंजीवर व गव्हाणीत बसू देऊ नये. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परोपजीवी जंतू वैरणीत मिसळतो व त्यामुळे गाई-म्हशी गाभडतात. आणि कुत्र्यास त्याची बाधा गाभडलेल्या जनावराचे अवशेष खाल्ल्याने होते. हे चक्र दोन्हीकडून तोडावे लागते. तीन, खाटीकखान्यातील कच्चे फुप्फुस वा यकृत कुत्र्यास घालू नये. त्यातील गाठींमुळे कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून माणसाच्या पोटात जातात आणि यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. मांसाचे तुकडे द्यावयाचेच असतील तर पूर्ण शिजवून, हाड काढून द्यावेत. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्यांनी आतड्यास इजा होते.

(इ) जंगलाच्या कडेची वस्ती व पाडे : या विभागाकडे सर्वाधिक लक्ष देणे जरूर आहे. उद्यानातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासांवरून त्यांच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे. बिबट्यास कुत्र्याचे भय वाटते, ही समजूत धोक्याची आहे. एकट्या कुत्र्यास तो सहज नेतो. रात्री अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्यास पळताही येत नाही. असा कुत्रा घराची राखण करीत नाही, उलट बिबट्यास दारापर्यंत बोलावतो. ज्या अंगणात रात्री कुत्रा बांधला जातो त्याच अंगणात पहाटे मुले उठून बाहेर येतात, याचा विचार व्हावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुकल्या मुलीस प्राण गमवावा लागला. अशा परिसरात कोणत्याही कारणाने बिबट्यास घराजवळ येण्याची सवय लागू देणे परवडणारे नाही.

म्हणून येथे कोणत्या जातीचा कुत्रा घ्यावा यापेक्षा तो रात्री कोठे ठेवावा हे ठरविणे महत्त्वाचे. दिवस मावळण्यापूर्वी कुत्रा घरात किंवा चारी बाजूंनी व वरून मजबूत जाळीने बंद असलेल्या खोपटात घ्यावा. एवढी सोय नसेल तर कुत्रा पाळू नये. घराभोवती उष्टे-खरकटे टाकू नये, कारण त्यावर मोकाट कुत्री जमतात व त्यांच्यामागून बिबट्या येतो. अंधारात मुलांना एकटे सोडू नये, बाहेर जाताना दिवा व काठी घ्यावी आणि मोठ्याने बोलत चालावे. बिबट्या वस्तीत दिसल्यास जमाव करून त्याचा पाठलाग न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

(ई) कोळीवाडे, वाड्या व रोपवाटिका : वेसावे, मढ, गोराई या किनाऱ्यांवरील कोळीवाड्यांत वाळत घातलेल्या मासळीची राखण करण्यास कुत्री ठेवली जातात. तेथेही परिसरातील गावठी कुत्रेच बरे. त्यांना मासळीच्या कच्च्या आतड्यांवर न वाढविता घरचे शिजलेले अन्न द्यावे. रोपवाटिकेत वाफे उकरणारा कुत्रा नको असतो. सबब पिल्लापेक्षा वाढलेला शांत कुत्रा घ्यावा. मूषकनाशक विष व कीटकनाशके कुत्र्याच्या तोंडास लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत.

५. आपल्या देशी जाती

विदेशी जातींची नावे पाठ असणाऱ्या पुष्कळांना आपल्या जातींची ओळख नसते. दख्खनच्या पठारावर तांड्यांबरोबर फिरलेला कारवान हा सडपातळ, लांब पायांचा, नजरेने शिकार टिपणारा कुत्रा होय. मराठवाडा व सोलापूर परिसरात तो आजही आढळतो. कान, पाय व शेपटीवर लांब केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. याच घराण्यातील मुधोळ कुत्र्याची जोपासना मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी केली. मुधोळ हे गाव आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. भारतीय सैन्यदलाच्या मेरठ येथील केंद्रातही मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये कुत्र्यांच्या चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन केंद्राने २०२० मध्ये मुधोळ, राजापलयम व चिप्पीपराई या जातींची नोंदणी केली.

या जातींचा अभिमान अवश्य बाळगावा, पण अभिमानापोटी अयोग्य निवड करू नये. कारवान किंवा मुधोळ हा मोकळ्या माळावर दौडणारा प्राणी आहे. हलणारी वस्तू दिसताच तो तीरासारखा सुटतो. पश्चिम द्रुतगती मार्गालगतच्या सदनिकेत तो आणणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. सोलापूर, लातूर किंवा सांगलीकडील शेतकऱ्याने शेताच्या राखणीस तो ठेवावा. तेथील कोरड्या हवेत व मोकळ्या रानात तो शोभतो. मात्र त्याच्याकरवी सशाची वा हरणाची शिकार करणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

गावठी कुत्र्यास जात नाही असे म्हणतात. परंतु हजारो वर्षे याच हवेत, याच अन्नावर, निसर्गाच्या निवडीतून तो तयार झाला आहे. आखूड केस, मध्यम बांधा, उभे कान व चपळ बुद्धी हे त्याचे गुण होत. ज्यास आपली गरज नेमकी सांगता येत नाही, त्याने गावठी कुत्रा घ्यावा, असा सर्वसाधारण नियम सांगण्यास हरकत नाही.

६. पिल्लू पारखताना

आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू आईपासून तोडू नये. श्वान प्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यापूर्वी पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. शक्य तेथे पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. आई भित्री वा खुनशी असेल तर पिल्लू घेऊ नये. विक्रेता आई दाखविण्याचे टाळत असेल तर व्यवहार मोडावा.

निरोगी पिल्लाचे डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, कान दुर्गंधीरहित व त्वचा खरुजेवाचून असते. अंग बारीक आणि पोट मात्र फुगलेले असेल तर जंतांचा संशय घ्यावा. शेपटीखाली मळ लागलेला असल्यास हगवण असण्याचा संभव असतो. टाळी वाजविल्यावर दचकून क्षणात पुन्हा जवळ येणारे पिल्लू उत्तम. कोपऱ्यात लपून राहणारे किंवा सर्वांवर तुटून पडणारे टाळावे. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लाच्या मनावर जे ठसते ते जन्मभर टिकते. या काळात त्यास मुले, म्हातारी माणसे, म्हशी, वाहने व छत्री घेतलेला मनुष्य यांची सौम्यपणे ओळख करून द्यावी. मारझोडीने कुत्रा शहाणा होत नाही. तो भित्रा होतो, आणि भित्रा कुत्रा चावतो.

कांदा, चॉकलेट, द्राक्षे व मनुका हे पदार्थ कुत्र्यास घातक आहेत. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा रोग कुत्र्यास व माणसासही होतो. त्याची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्यास टोचून घ्यावी.

७. रेबीज : निवड कोणतीही असो, हे कर्तव्य टळत नाही

माणसास होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रसंगी रोग कुत्र्याद्वारे येतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु चावा बसताच योग्य उपचार केल्यास रोग टळतो. कुत्र्यास वयाच्या तिसऱ्या महिन्यात रेबीज प्रतिबंधक लस टोचावी, पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पूरक मात्रा द्यावी व पुढे दरवर्षी ती चुकवू नये. लसीचे कार्ड शिधापत्रिकेइतके जपून ठेवावे. कुत्रा दुसऱ्यास देताना कार्डही सोबत द्यावे.

कुत्रा चावल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. मांत्रिकाकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालयात जावे व डॉक्टर सांगतील तेवढ्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी घ्याव्यात. त्वचेत द्यावयाच्या लसीच्या मात्रा पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ व २८ या दिवशी असतात. रक्त आलेल्या जखमेत याशिवाय प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही आवश्यक असते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्याची वाट पाहत उपचार लांबवू नयेत. घरचाच कुत्रा आहे, पिल्लूच आहे, ओरखडाच आहे, अशा सबबी सांगू नयेत. मुले मार बसेल या भीतीने चावा लपवितात. तेव्हा चावा सांगणाऱ्या मुलास रागावू नये.

म्हशीस किंवा गाईस कुत्रा चावल्यासही जखम तशीच धुऊन तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराच्या तोंडात औषध पाजण्यासाठी हात घालू नये, त्यास वेगळे बांधावे व त्याचे दूध वापरू नये.

८. कायद्याच्या काही बाबी

महानगरपालिका हद्दीत कुत्रा पाळण्यास तिचा परवाना घ्यावा लागतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये कुत्रा अति आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणे, आणि तो उपासमारीने त्रस्त होईल अशा रीतीने सोडून देणे हे गुन्हे आहेत. पाळीव प्राण्यापासून मनुष्यास इजा होण्याचा संभव असता हयगय करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये कारावास किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते. मादी वर्षातून साधारणतः दोनदा माजावर येते. पिल्ले नको असतील तर वेळेवर नसबंदी करावी. पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडणे हा उपाय नव्हे.

९. कार्यकर्त्यांनी काय करावे ?

कृषी सहायक, पशुधन पर्यवेक्षक व ग्रामपातळीवरील इतर कार्यकर्त्यांनी हा विषय पावसाळ्यापूर्वीच्या एका सभेत अवश्य मांडावा. आपल्या गावातील पाळीव कुत्र्यांची यादी करून कोणास लस टोचली आहे याची नोंद घ्यावी. शहरातून आणून ठेवलेले कुत्रे त्या यादीत प्रथम तपासावे. सभेत पुढील प्रश्न विचारून उत्तरे लोकांकडूनच काढून घ्यावीत :

(१) तुमच्या कुत्र्याची जात मूळ कोणत्या कामासाठी घडविली गेली ? ते काम तुमच्याकडे आहे काय ?

(२) दररोज दीड तास कोण देणार ? त्या व्यक्तीचे नाव सांगा.

(३) रात्री कुत्रा कोठे असतो ? दार बंद होते काय ?

(४) मागील लस कोणत्या तारखेस टोचली ? कार्ड कोठे आहे ?

(५) म्हशीचा जार व मेलेले पारडू यांची विल्हेवाट कशी लावता ?

सारांश

कुत्रा निवडताना रूप, किंमत व शेजाऱ्याचे अनुकरण यांस शेवटचे स्थान द्यावे. प्रथम वेळ, नंतर हवा, नंतर काम, नंतर खर्च व सर्वांत आधी घरातील माणसांची मर्जी पाहावी. सदनिकेत शांत व मध्यम बांध्याचा, तबेल्यात परिसरातला गावठी, मोकळ्या रानात कारवान किंवा मुधोळ, आणि जंगलाच्या कडेला ज्यास रात्री बंदिस्त निवारा देता येईल असाच कुत्रा ठेवावा. जेथे यांपैकी एकही सोय नाही तेथे कुत्रा न पाळणे हीच योग्य निवड होय, आणि तसे मोकळेपणाने सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. मुक्या जनावरास आपली अडचण बोलून दाखविता येत नाही. त्यामुळे त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी त्यास घरी आणणाऱ्यावरच राहते.